पुतण्यासाठी काढलेला बहर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका तरी थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा प्रघात आहे. जिजाबाई, अहिल्याबाई होळकर, सावित्रीबाई फुले, डॉ. आनंदीबाई जोशी यांची चरित्रे आपण अशाच पानांवरून वाचली. या वर्षी मी एका परदेशी चित्रकाराचे चरित्र सांगणार आहे. अकलूजच्या बायकांना हॉलंडच्या चित्रकाराचे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. परंतु त्याचे एक चित्र आपल्या घरांत केव्हाच येऊन बसले आहे. निळे आकाश, त्यावर वेड्यावाकड्या हिरवट फांद्या आणि फांद्यांवर उमललेली पांढरी फुले. कुणाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, कुणाच्या उशीच्या अभ्र्यावर, कुणाच्या चहाच्या कपावर, तर कुणाच्या लेकी-सुनांच्या मोबाईलच्या कव्हरावर ते असते. नाव ठाऊक नसले तरी चित्र ओळखीचे असते. ते कोणी, कोणासाठी आणि कसल्या दिवसांत काढले हे कळले म्हणजे त्याच कपाकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. निदान माझे तरी तसे झाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

चित्रकाराचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. डच लोक या आडनावाचा उच्चार फान खोख असा काहीसा करतात. पण आपल्याकडे व्हॅन गॉग हेच रूढ झाले आहे, तेव्हा आपणही तेच म्हणू. चित्राचे नाव बदामाचा बहर. बदाम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या आवारातला रुंद पानांचा देशी बदाम उभा राहतो, ज्याची पाने लाल होऊन गळतात आणि ज्याची फळे पोरे दगडाने फोडून खातात. तो हा नव्हे. त्याची फुले इतकी बारीक की येऊन गेली तरी कुणाच्या लक्षात येत नाहीत. चित्रातला बदाम म्हणजे आपण रात्री भिजत घालतो तो; पीच आणि जर्दाळू यांचा भाऊबंद. थंड मुलखात तो हिवाळा सरता सरता, पान फुटण्याच्या आधीच फुलतो. काश्मिरात श्रीनगरला बदामवारी नावाची बागच आहे आणि वसंताच्या आरंभी लोक तेथे हा बहर पाहावयास जातात. अंगावर पान नाही आणि फूल मात्र भरभरून आहे, हे दृश्य आपल्याकडे पळस, पांगारा आणि काटेसावर दाखवितात. त्यावरून कल्पना करावी. रंग मात्र लालऐवजी पांढरा आणि किंचित गुलाबी समजावा.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडच्या दक्षिण भागातील झुंडर्ट या खेड्यात झाला. वडील थिओडोरस हे धर्मोपदेशक होते. आईचे नाव आना. बरोबर एक वर्ष आधी, ३० मार्च १८५२ रोजी, या दांपत्याला पहिला मुलगा झाला होता, पण तो मृतच जन्मला. त्याचेही नाव व्हिन्सेंट ठेवले होते. आजोबांचेही नाव तेच. गेलेल्या माणसाचे नाव घरातल्या नव्या बाळाला ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहे, म्हणून यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नावाची ही गोष्ट मात्र वाचकभगिनींनी लक्षात ठेवावी, कारण पुढे एका बारशाच्या वेळी ती पुन्हा येणार आहे.

मुलगा हूड नव्हता, पण घुमा होता. रानात एकटा भटकावे, किडे आणि पाखरांची घरटी न्याहाळावीत असा त्याचा स्वभाव. सोळाव्या वर्षी, १८६९ साली, हेग शहरातील चित्रे विकणाऱ्या एका पेढीवर तो नोकरीला लागला. तेथून लंडन, मग पॅरिस. प्रारंभी काम बरे चालले. पुढे मन उडाले आणि १८७६ मध्ये नोकरी सुटली. त्यानंतर इंग्लंडात मास्तरकी केली, हॉलंडात पुस्तकांच्या दुकानात बसला, धर्मोपदेशक होण्यासाठी अभ्यासाला लागला आणि तोही अर्धवट सोडला. मग बेल्जियममधील कोळशाच्या खाणींच्या मुलखात गरिबांना धर्म सांगावयास गेला. खाणकामगारांचे हाल पाहून त्याने स्वतःचे चांगले कपडे वाटून टाकले आणि गवतावर निजू लागला. धर्मखात्यातल्या वरिष्ठांना हा अतिरेक रुचला नाही. त्यांनी त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

सत्तावीस वर्षांचा थोरला मुलगा, ना धड नोकरी, ना लग्न. अशा मुलाविषयी आईबापांच्या जिवाला काय घोर लागतो हे आपल्याला कोणी सांगावयास नको. आणि याच वयात, १८८० साली, त्याने ठरविले की आपण चित्रकार व्हावयाचे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नावापुरतेच. घरच्यांना हा आणखी एक नवा छंद वाटला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

त्याच्या पाठीशी एकच माणूस उभा राहिला. तो म्हणजे त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा भाऊ थिओ. हा थिओही त्याच चित्रांच्या पेढीत होता आणि पॅरिसमध्ये चांगल्या जागेवर चढला होता. तो दरमहा थोरल्या भावाला पैसे पाठवू लागला, पुढे पुढे महिन्याला सुमारे १५० फ्रँक. रंग आणि कापडही पाठवी. धाकट्याच्या जिवावर जगणे व्हिन्सेंटला खुपत होते, म्हणून १८८४ च्या सुमारास दोघा भावांनी आपसांत ठरविले की व्हिन्सेंट काढील ती चित्रे थिओची. मग ते पैसे दान ठरत नाहीत, कामाचा मोबदला ठरतात. या भावांची पत्रे प्रसिद्ध आहेत. व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली सहाशेहून अधिक पत्रे आज शिल्लक आहेत. आज काय काढले, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी लावला, पैसे कसे संपले, पोटात काय गेले, सगळे त्यांत आहे.

प्रारंभीची त्याची चित्रे काळपट, मातकट रंगांची. १८८५ मध्ये त्याने बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे मोठे चित्र काढले. कंदिलाच्या उजेडात पाच माणसे एका ताटातले उकडलेले बटाटे खात आहेत आणि म्हातारी कपांत कॉफी ओतते आहे. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जात आहेत, हे दिसावे अशी त्याची इच्छा होती. आपल्या शिवारातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

१८८६ मध्ये तो पॅरिसला थिओकडे राहावयास गेला आणि त्याच्या चित्रांतला काळोख गेला. तेथले नवे चित्रकार उघड्यावर बसून उन्हाचे रंग रंगवीत होते. दुसरी गोष्ट म्हणजे जपानी चित्रे. लाकडी ठशांवरून कागदावर छापलेली ही चित्रे त्या काळी पॅरिसमध्ये स्वस्तात मिळत. दोघा भावांनी ती शेकड्यांनी जमविली. त्यांत हिरोशिगे या जपानी चित्रकाराचे १८५७ सालचे एक चित्र होते. समोर फुललेल्या आलुबुखाऱ्याचे वाकडे खोड, त्याच्या फांद्या चौकटीने बेधडक कापलेल्या आणि त्या फांद्यांआडून मागची माणसे दिसताहेत. व्हिन्सेंटने १८८७ मध्ये तैलरंगात या चित्राची नक्कल केली. आपल्या मुली थोरल्या बहिणीची रांगोळी पाहून ठिपके गिरवितात, तसेच हे गिरविणे होते. झाड संपूर्ण दाखविलेच पाहिजे असे नाही, एक फांदी जवळून पाहिली तरी झाड कळते, हा धडा तो तेथे शिकला.

फेब्रुवारी १८८८ मध्ये तो फ्रान्सच्या दक्षिणेस आर्ल या गावी गेला. गेला तेव्हा तेथे बर्फ पडलेले होते, पण बदामाला कळ्या धरू लागल्या होत्या. त्याने एक डहाळी तोडून पेल्यातल्या पाण्यात ठेवली आणि तिचे चित्र काढले. मग जर्दाळू, पीच, आलुबुखारा, नासपती अशी एकामागून एक झाडे फुलू लागली आणि महिनाभरात त्याने बागांची चौदाच्या आसपास चित्रे काढली. बहर थांबत नाही. वारा सुटला की फुले जमिनीवर येतात. तेथला मिस्त्रल नावाचा वारा तर असा की चित्राची घोडी उलथून पडावी. व्हिन्सेंट ती जमिनीत खुंट्या ठोकून बांधून ठेवी आणि रंगवी. खळे चालू असता वावटळ आली म्हणजे आपली जी धांदल उडते, तीच त्याची रोज उडत होती. यांतले गुलाबी पीचच्या झाडांचे एक चित्र त्याने आपल्या नात्यातल्या मेहुण्याच्या स्मृतीला वाहून त्याच्या विधवा पत्नीकडे पाठविले. आँतोन मॉव्ह हे त्या मेहुण्याचे नाव. त्यानेच व्हिन्सेंटला आरंभी रंग धरावयास शिकविले होते आणि त्याच फेब्रुवारीत तो वारला होता. फुललेले झाड आपल्या माणसाला पाठवावयाचे, ही व्हिन्सेंटची पद्धत तेव्हापासूनची होय.

आर्लला त्याने अहोरात्र काम केले. सूर्यफुलांची प्रसिद्ध चित्रे तेथलीच. पण प्रकृती ढासळत होती. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री भ्रमिष्ट अवस्थेत त्याने स्वतःचा कान कापला, ही गोष्ट सर्वत्र इतकी सांगितली जाते की त्याच्याविषयी पुष्कळांना तेवढेच ठाऊक असते. मी ती एका वाक्यात आटोपते. त्याला झटके येत. झटका आला की भान जाई. तो ओसरला की तो अत्यंत शहाणा, विचारी माणूस असे. मे १८८९ मध्ये तो आपण होऊन सँ रेमी गावच्या मनोरुग्णालयात जाऊन राहिला.

इकडे थिओचे मंगल कार्य झाले. योहाना बाँगर ही अ‍ॅमस्टरडॅमची मुलगी, जन्म १८६२ चा, शिकलेली, इंग्रजीची शिक्षिका. थिओने तिला मागणी घातली तेव्हा पहिल्याने तिने नकार दिला होता. पुढे दोघांची गाठ पुन्हा पडली आणि १७ एप्रिल १८८९ रोजी लग्न झाले. नव्या सुनेच्या वाट्याला काय आले पाहा. थोरले दीर मनोरुग्णालयात, नवऱ्याच्या पगारातला मोठा वाटा त्यांच्यासाठी जातो आणि घराच्या भिंतींवर, पलंगाखाली, माळ्यावर त्या दिरांची कोणी न घेतलेली चित्रे रचलेली आहेत. तिने दिरांना अजून पाहिलेही नव्हते. तरी ती त्यांना आपुलकीने पत्रे लिही.

३१ जानेवारी १८९० रोजी योहानाला मुलगा झाला. थिओने भावाला कळविले की बाळाचे नाव तुझेच ठेवणार, व्हिन्सेंट. यावर थोरल्या भावाची भावना मोठी हृद्य होती. त्याला वाटत होते की नाव ठेवावयाचे तर पाच वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या वडिलांचे ठेवावे. आपल्यासारख्या आजारी, अयशस्वी माणसाचे नाव या कोवळ्या जिवाच्या माथी कशाला, हा संकोच त्यात मला दिसतो. पण नाव ठरले होते. आईला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सांगितले आणि त्याच पत्रात कळविले की बाळाच्या आईबापांच्या निजण्याच्या खोलीत लावण्यासाठी आपण एक चित्र करावयास घेतले आहे. निळ्या आकाशावर पांढऱ्या बदामाच्या मोठ्या फांद्या.

बारशाला आत्या झबले आणते, मामा चांदीचा वाळा आणतो. या काकाजवळ घालावयास काहीच नव्हते. खावयाचे ते भावाच्या पैशाने, ल्यावयाचे ते भावाच्या पैशाने आणि राहावयाचे तेही भावाच्याच पैशाने. रुग्णालयाबाहेर फेब्रुवारीच्या थंडीत बदाम फुलला होता, तेवढेच काय ते देता येण्यासारखे होते. ते त्याने दिले.

आता चित्राकडे पाहू. मूळ चित्र सुमारे तीन फूट रुंद आणि अडीच फुटांना थोडे कमी उंच आहे. त्यात जमीन नाही. खोड नाही. माणूस नाही, पाखरू नाही, दूरचा डोंगरही नाही. केवळ आकाश आणि फांद्या. फांद्या चौकटीच्या कडांशी तुटतात, म्हणजे झाड चौकटीबाहेर उरलेले आहे असे वाटते. हिरोशिगेकडून घेतलेला धडा तो हाच. फांद्यांच्या कडा गडद रेषेने रेखल्या आहेत, आणि त्या सरळ नाहीत. गाठी आहेत, वळणे आहेत, मोडून पुन्हा वाढल्याच्या खुणा आहेत. रंग हिरवट, शेवाळी, मध्येच तपकिरी. फुले नीट पाहिली तर सगळी एका वयाची नाहीत. काही घट्ट मिटलेल्या कळ्या, लालसर. काही अर्धवट उघडलेल्या. काही पूर्ण उमललेल्या, पाकळ्या पसरून बसलेल्या. एकाच घरातील लहानथोर माणसे जणू. आकाशही सपाट रंगविलेले नाही. जवळून पाहिले तर कुंचल्याचे फटकारे फांद्यांच्या कडेकडेने वळत गेलेले दिसतात, जशी आपण उंबऱ्याच्या कडेने सारवण फिरवितो.

आणखी एक गोष्ट मला सुचते, ती माझीच आहे, कोणी मान्य करावी असा आग्रह नाही. हे झाड उभ्या माणसाने समोरून पाहिलेले नाही. झाडाखाली उताणे पडून वर पाहावे, तसे ते दिसते. आता अशा रीतीने जगाकडे कोण पाहते? पाळण्यातले बाळ. शेतात झाडाच्या फांदीला झोळी बांधून आत मूल निजविले म्हणजे त्याला जे दिसते ते हे. पानाफुलांच्या फटींतून निळे आकाश. काकाने पुतण्याच्या डोळ्यांनी झाड पाहिले असे मला वाटते. चित्र पॅरिसला पोहोचल्यावर ते पलंगाच्या वर लावण्यात आले, आणि बाळ त्या फुललेल्या झाडाकडे टक लावून पाहते असे योहानाने दिरांना लिहून कळविलेही.

रंगांविषयी एक सांगितले पाहिजे. त्या काळचे काही तांबडे रंग उजेडाने फिके पडत जातात, आणि व्हिन्सेंटच्या अनेक चित्रांत तसे झालेले आहे. म्हणून आज जी फुले पांढरी दिसतात त्यांत एके काळी अधिक गुलाबी असणे शक्य आहे. आपल्या पेटीतल्या जुन्या लुगड्याच्या घडीत आतला रंग गडद राहतो आणि बाहेरचा उडतो, तसाच हा प्रकार.

हे चित्र आपण अत्यंत धीराने, शांत चित्ताने आणि स्थिर हाताने केले असे खुद्द व्हिन्सेंटचे मत होते. परंतु ते हातावेगळे होताच त्याला पुन्हा झटका आला आणि तो सुमारे दोन महिने टिकला. फुललेल्या झाडांची आणखी चित्रे काढण्याचा त्याचा बेत होता. तो बरा होऊन बाहेर आला तोवर बहर ओसरून गेला होता. त्या वर्षीचे बदामाचे चित्र ते तेवढेच. त्याच सुमारास ब्रुसेल्स येथील प्रदर्शनात त्याचे द्राक्षमळ्याचे एक चित्र ४०० फ्रँकना विकले गेले. घेणारी एक स्त्री होती, आना बॉक या नावाची चित्रकार. त्याच्या हयातीत त्याच्या चित्रांना असे गिऱ्हाईक क्वचितच लाभले.

मे १८९० मध्ये व्हिन्सेंट रुग्णालय सोडून पॅरिसला आला. योहानाने दिरांना प्रथम पाहिले ते तेव्हा. ती खंगलेल्या रोग्याची वाट पाहत होती. जिना चढून आला तो रुंद खांद्यांचा, चेहऱ्यावर तजेला असलेला, हसतमुख माणूस. थिओने त्याला पाळण्याशी नेले. दोघे भाऊ निजलेल्या बाळाकडे मुकाट्याने पाहत उभे राहिले आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे. तीन दिवस राहून व्हिन्सेंट पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी गेला. तेथे सुमारे सत्तर दिवसांत जवळजवळ रोज एक या प्रमाणात त्याने चित्रे काढली. २७ जुलै रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलै १८९० रोजी थिओच्या सान्निध्यात त्याचा अंत झाला. वय ३७. चित्रकार म्हणून उणीपुरी दहा वर्षे. तेवढ्यात आठशेहून अधिक तैलचित्रे. थिओ त्या धक्क्यातून सावरला नाही. तो आधीपासून आजारी होताच; २५ जानेवारी १८९१ रोजी तोही गेला. वय ३३.

व्हिन्सेंटची बहुतेक चरित्रे येथे संपतात. माझ्या मते आपल्या मंडळाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग येथून पुढे आहे. अठ्ठावीस वर्षांची विधवा, पदरी वर्षाचे मूल, आणि नवऱ्याने मागे ठेवलेली मिळकत म्हणजे न विकलेली शेकडो चित्रे आणि पत्रांचे गठ्ठे. योहाना हॉलंडला परत आली आणि बुसुम या गावी तिने राहणाऱ्या-जेवणाऱ्या पाहुण्यांसाठी एक बिऱ्हाडघर चालविले. दिवसा पाहुण्यांचे खाणेपिणे, हिशेब आणि मुलाचे संगोपन; वेळ मिळेल तेव्हा इंग्रजी-फ्रेंचवरून भाषांतरे, त्याचे चार पैसे; आणि रात्री दिव्याशी बसून त्या दोघा भावांची पत्रे वाचणे. पत्रांवर बहुधा तारखा नसत. त्यांचा क्रम तिने हळूहळू लावला. मुलाला वाढविणे हे नवऱ्याने सोपविलेले एक काम, आणि व्हिन्सेंटची चित्रे जगापुढे आणणे हे दुसरे, असे तिने मनाशी धरले होते.

चित्रांविषयी काही कळत नसलेली बाई म्हणून तिला हसणारेही होते. ती शिकत गेली. कोणते चित्र विकावयाचे, कोणते नुसते दाखवावयाचे, कोणते मुळीच हातचे सोडावयाचे नाही, हे ती पारखून ठरवी. १८९२ पासून हॉलंडच्या शहरांत तिने प्रदर्शने घडवून आणली. १९०५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मोठ्या संग्रहालयाची दालने स्वतः भाड्याने घेऊन तिने साडेचारशेहून अधिक चित्रे आणि रेखाचित्रे एकत्र मांडली. मधल्या काळात, १९०१ मध्ये, तिने एका चित्रकाराशी पुनर्विवाह केला होता. १९१२ मध्ये तेही वारले. १९१४ साली व्हिन्सेंटची थिओला लिहिलेली पत्रे तिने तीन भागांत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी थिओच्या अस्थी ओव्हेरला हलवून तिने दोघा भावांना शेजारी शेजारी विसावा दिला. पत्रांचे इंग्रजी भाषांतर करण्यात ती अखेरपर्यंत गुंतलेली होती. २ सप्टेंबर १९२५ रोजी तिचे निधन झाले. सूर्यफुलांचे एक चित्र तिने १९२४ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाला दिले, फार जड अंतःकरणाने. बदामाचा बहर मात्र तिने विकला नाही. ते बाळाचे चित्र होते.

व्हिन्सेंटविषयी लोक हटकून एक गोष्ट बोलतात. दुःख भोगले, वेड लागले, म्हणून एवढी कला फुलली. आपल्या भागातील बायकांना याचे उत्तर देणे अवघड जाऊ नये. माळशिरस, पंढरपूर, सांगोला या बाजूंना डाळिंबाच्या बागा आहेत, आणि बहार कसा धरतात हे आपल्यापैकी अनेकींनी केलेले काम आहे. झाडाचे पाणी तोडतात, महिना-दीड महिना ताण देतात, पाने गळतात, झाड वाळल्यासारखे दिसते. पण केवळ ताणावर सोडून दिलेले झाड फुलत नाही, जळून जाते. ताण वेळेवर तोडावा लागतो. छाटणी करावी लागते, शेणखत घालावे लागते, आधी हलके मग भरपूर पाणी द्यावे लागते, तेव्हा कोठे कळी निघते. ताण कोणी मोजून दिला आणि पाणी कोणी आणून घातले, यावर सगळा बहार अवलंबून.

व्हिन्सेंटच्या वाट्याला ताण अमाप आला. तो कोणी मोजून दिलेला नव्हता. झटक्याच्या दिवसांत त्याच्या हातून काम होत नसे. बदामाचा बहर त्याने काढला तो मन थाऱ्यावर असलेल्या दिवसांत, आणि ते दिवस त्याला लाभले ते थिओ महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवीत होता म्हणून, आणि एका भावजयीने न पाहिलेल्या दिरांना घरच्या बाळाची खबर प्रेमाने कळविली म्हणून. त्याच्यामागे ती फुले आपल्यापर्यंत आली, ती एका बाईने बिऱ्हाडघराच्या भिंतींवर ती जपली म्हणून. दुःखाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. ज्या घरात कोणी मनाने आजारी आहे, त्या घरातील बायकांनी तर तो जरूर मांडावा. आजाराचे कौतुक करू नये आणि आजारी माणसाला टाकूही नये; औषधपाणी करावे, आणि मधल्या बऱ्या दिवसांत त्याच्या हाताला त्याचे काम द्यावे.

पाळण्यातल्या त्या बाळाचे, व्हिन्सेंट विलेमचे, पुढे काय झाले? तो इंजिनियर झाला. काकांच्या चित्रांनी भरलेल्या घरात तो वाढला आणि आईच्या मागे त्यानेही ती फुटकळ विकून टाकली नाहीत. १९६२ मध्ये डच सरकारशी करार होऊन सारा संग्रह एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन झाला, तो कायम लोकांना पाहता यावा म्हणून. त्यासाठी अ‍ॅमस्टरडॅममध्ये व्हॅन गॉग संग्रहालय बांधण्यात आले आणि जून १९७३ मध्ये ते उघडले. ज्याच्या जन्मासाठी चित्र काढले तो त्या वेळी ८३ वर्षांचा होता. जानेवारी १९७८ मध्ये तो वारला. बदामाचा बहर त्याच संग्रहालयात आहे, आणि जगभरची माणसे त्यापुढे रांगेने येऊन उभी राहतात.

ज्याला आपले नाव बाळाच्या माथी नको होते, त्याचेच नाव त्या बाळाने आठ दशके चालविले आणि शेवटी एका इमारतीवर कोरवून ठेवले. आपल्या अंगणात जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहाराचे डाळिंब फुलते तेच दिवस त्या बदामाचेही. त्या दिवसांत घरात कुणाचे बारसे असेल, तर झबल्याबरोबर फुलांची एक डहाळीही पाळण्याला बांधावी, असे मी सुचविते. खर्च काही नाही, आणि बाळाला पाहावयास काही तरी होते.